डॅशबोर्डमधली रिकामी चौकट

१

प्राचीन संहितांच्या अभ्यासात 'प्रक्षेप' ही संज्ञा वारंवार भेटते. मूळ रचना एकाची असते. पुढच्या काळातला कोणी लेखनिक किंवा कीर्तनकार तिच्यात चार ओव्यांची भर घालतो आणि काही पिढ्यांनंतर मूळ कोणते व भर कोणती हे सांगणे अवघड होऊन बसते. पाठचिकित्सक ही भर बाजूला काढतो. परंतु ती भर का घालावीशी वाटली, हा प्रश्न उरतोच. मूळ रचनेत वाचकाला काहीतरी उणे वाटले होते, याचा ती पुरावा असते.

मोटारगाडीच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ती पूर्ण झालेली वस्तू असते असे आपण मानतो. प्रत्यक्षात विसाव्या शतकाचा बराच काळ ती नंतर कोणीतरी भर घालावी अशाच स्थितीत मालकाच्या हाती येत होती. गाडीतला रेडिओ, पुढे टेप, त्याहीपुढे रस्ता दाखवणारा पडदा, या तिन्ही गोष्टी गाडीत प्रथम शिरल्या त्या बहुतांशी बाहेरच्या दुकानदारांच्या आणि फिटरांच्या हातून. कारखान्यांनी त्या नंतर आपल्याशा केल्या. हा इतिहास सांगताना शोधकांची नावे येतात, कंपन्यांची नावे येतात. ज्याने डॅशबोर्ड उघडून तारा जोडल्या तो मात्र अनामिकच राहतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या अनामिकाच्या ज्ञानाकडे आहे.

२

या कथेतल्या दोन धाग्यांचा, म्हणजे नाद आणि नकाशा यांचा, आरंभ एकाच माणसापाशी एकत्र आलेला दिसतो, हा योगायोग मोठा मनोवेधक आहे. अमेरिकेतील जे. डब्ल्यू. जोन्स यांच्या नावे १९०१ साली तबकडीवर ध्वनी कोरण्याच्या पद्धतीचे एक महत्त्वाचे पेटंट मंजूर झाले. ग्रामोफोनच्या धंद्यातील तत्कालीन झगड्यांत त्या पेटंटला मोठे मोल होते. हेच जोन्स पुढे गाडीचा वेग दाखवणाऱ्या यंत्राकडे वळले आणि १९०९ च्या सुमारास त्यांनी 'जोन्स लाइव्ह-मॅप' बाजारात आणला. ही एक कागदी तबकडी होती. गाडीच्या चाकाशी तारेने जोडलेली ही तबकडी अंतर कापले जाईल तशी हळूहळू फिरे आणि तिच्या कडेवर छापलेल्या सूचना एकेक करून खुणेखाली येत. एका तबकडीत साधारण शंभर मैलांचा रस्ता मावे. पुढची तबकडी लावायची वेळ आली म्हणजे गाडी थांबवायची. गाणे तबकडीवर, रस्ताही तबकडीवर, आणि दोन्हींमागे कल्पना एकच : काळाचा किंवा अंतराचा ओघ एका फिरत्या वर्तुळावर लिहून ठेवायचा.

या युक्तीची मर्यादाही तिथेच होती. चालक चुकून दुसऱ्या रस्त्याला लागला तरी तबकडी निमूटपणे पहिल्याच रस्त्याच्या सूचना देत राही. तिला गाडी किती चालली हे कळे; कुठे चालली हे कळत नसे. हा भेद मिटवण्यात पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे गेली.

३

नादाचा धागा त्यामानाने लवकर पुढे गेला. शिकागोमध्ये १९२८ साली पॉल आणि जोसेफ या गॅल्व्हिन बंधूंनी एक छोटा कारखाना काढला. घरातील विजेवर रेडिओ चालवण्यासाठी लागणारे एक उपकरण ते बनवीत. घरगुती रेडिओ थेट विजेवर चालू लागल्यावर त्या उपकरणाची गरज संपत चालली आणि १९२९ च्या शेवटी शेअर बाजारही कोसळला. नवा माल शोधणे भाग होते. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तरुण तंत्रज्ञांच्या साहाय्याने त्यांनी गाडीत चालेल असा रेडिओ तयार केला. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन होते. पॉल गॅल्व्हिन आपली स्टुडबेकर गाडी घेऊन तिथे गेले, अधिवेशनाबाहेर ती उभी केली आणि आतला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. मागण्या आल्या. मोटार आणि तेव्हाच्या 'व्हिक्ट्रोला' या गाजलेल्या नावाचा शेवट यांतून 'मोटोरोला' हे नाव घडले. पुढे १९४७ साली तेच कंपनीचेही नाव झाले.

या यशकथेत सहसा वगळला जाणारा भाग जोडणीचा आहे. हा रेडिओ सुमारे ११० ते १३० डॉलरला मिळे, आणि साधी नवी फोर्ड गाडी तेव्हा पाच-सहाशे डॉलरच्या घरात होती. तो गाडीत बसवणे हे एका दिवसाचे काम असे. निर्वात नळ्यांना लागणारा उच्च दाब गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीतून थेट मिळत नसे. म्हणून जास्त व्होल्टच्या कोरड्या बॅटऱ्यांचा संच पायांखालच्या फळ्या उचलून खाली ठेवावा लागे. एरियलची तार छताच्या अस्तराआड पसरायची, ध्वनिवर्धकासाठी जागा शोधायची, आणि नियंत्रणाची तार सुकाणूच्या दांड्यापर्यंत आणायची. एवढे करून रेडिओ चालू केला की ऐकू येई ती गाडीच. प्रत्येक ठिणगीगणिक कडकड, जनित्राची घरघर, आणि कोरड्या हवेत रबरी टायरांच्या घर्षणातून साठलेल्या विजेची खरखर. यावर उपाय म्हणून फिटर स्पार्क प्लगांच्या तारांत रोधक बसवीत, जनित्राला संधारित्र जोडीत, आणि पुढच्या चाकांच्या टोपणाआड एक छोटी स्प्रिंग बसवून चाकावरची वीज आसाकडे वळवीत. मोटोरोलाविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते : कर्ज मिळावे म्हणून गॅल्व्हिन यांनी एका बँकरच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात ती गाडी पेटली. आख्यायिका खरी असो वा नसो, ती टिकून राहिली याचा अर्थ जोडणीतला धोका सर्वांना ठाऊक होता.

जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टच्या नावाने आलेला 'ऑटोसुपर ए एस ५' हा युरोपातील आरंभीचा मोटार-रेडिओ. त्याची किंमत ४६५ राइखमार्क होती. छोट्या गाडीच्या किमतीचा तो एक मोठा हिस्सा होता. पेटी इतकी अवजड की ती दृष्टीआड ठेवून सुकाणूजवळच्या छोट्या नियंत्रकाने चालवावी लागे.

त्याच काळात या नव्या वस्तूविरुद्ध तक्रारीही सुरू झाल्या. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात गाडीतील रेडिओवर बंदी घालण्याचा प्रस्ताव पुढे आला. चालकाचे लक्ष विचलित होते, असा आक्षेप होता. आज मोबाइलबद्दल ऐकू येणारी ही भाषा नव्वद वर्षांहून जुनी आहे. बंदी टिकली नाही. परंतु मॅसॅच्युसेट्सचे नाव लक्षात ठेवावे, कारण या कथेच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

४

पुढची पायरी यंत्र लहान होण्याची. कोरड्या बॅटऱ्यांची जागा कंपन पावणाऱ्या संपर्क-पट्टीच्या वीजपुरवठ्याने घेतली. तिची गुणगुण गाण्याच्या पार्श्वभूमीला सतत असे. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला आणि नळ्या तापण्याची वाट पाहणे संपले. पण रेडिओवर काय लागेल ते ऐकणाऱ्याच्या हाती नसते. गाडीत आपल्या आवडीचे गाणे वाजावे, या इच्छेने १९५६ साली क्रायस्लरने गाडीत तबकडी वाजवण्याचाही प्रयोग केला. खड्ड्यांनी त्याचा निकाल लावला.

टेपने हा प्रश्न सोडवला, आणि इथेही आरंभ बाहेरच्यांनीच केला. लॉस एंजेलिसमधील अर्ल मन्ट्झ हे जुन्या गाड्या विकणारे, स्वतःला जाहिरातीत वेडा म्हणवून घेणारे गृहस्थ. दूरचित्रवाणी संच स्वस्त करण्यासाठी ते हातात कटर घेऊन मंडलातील एकेक भाग कापत जात आणि चित्र गेले की शेवटचा भाग परत जोडायला सांगत, असे सांगितले जाते. अभियंत्यांच्या भाषेत या पद्धतीला आजही त्यांचेच नाव आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी गाड्यांत चार पट्ट्यांचे टेप बसवून विकायला सुरुवात केली. ते पाहून विल्यम लिअर (मोटोरोलाच्या कथेतलेच) यांनी आठ पट्ट्यांची कार्ट्रिज घडवली, आणि फोर्डने १९६६ च्या गाड्यांसाठी ती देऊ केली. त्याआधी १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात जी छोटी कॅसेट दाखवली, ती अखेर सर्वांना पुरून उरली.

कॅसेटमुळे गाडीतील श्रवण खाजगी झाले. आपल्याकडे या घटनेचा परिणाम अधिक खोल होता. रेडिओवर काय लागावे हे आकाशवाणी ठरवीत असे. कॅसेटवर काय असावे हे कोणीही ठरवू शकत होते. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या बदलाची चिकित्सा केली आहे. ट्रक, जीप आणि टॅक्सी यांतून वाजणाऱ्या भक्तिगीतांचा, लोकगीतांचा आणि भीमगीतांचा प्रवास महाराष्ट्रातही याच वाटेने झाला, हे त्या पिढीला वेगळे सांगायला नको. डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या साध्या आवृत्तीत संगीताची सोय नसे. गाडी घेतली की 'डेक' बसवून घ्यायचा, हा जवळजवळ गृहप्रवेशासारखा विधी होता. मुंबईत त्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांचे माहेरघर म्हणजे लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. भडकमकर मार्ग.

हा विधी शक्य झाला तो डॅशबोर्डमधल्या एका चौकटीमुळे. जर्मन मानकांत ठरलेली आणि १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेलेली ही चौकट साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. जपान्यांनी दुप्पट उंचीची आवृत्ती रूढ केली. कोणत्याही कंपनीची गाडी, कोणत्याही कंपनीचे यंत्र, आणि मधली जागा सारखी. छंदशास्त्रात मात्रा ठरलेल्या असतात म्हणून कोणीही त्यात शब्द घालू शकतो, तसेच हे. मापाच्या बंधनातून मोकळीक निर्माण होते, याचे इतके व्यावहारिक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

५

आता फिटरच्या ज्ञानाकडे वळू. हे ज्ञान बहुतांशी बोलण्यातून आणि हातातून पुढे गेले. त्याची स्वतःची लिपी आहे, ती रंगांची. सर्वसाधारण संकेत असा : पिवळी तार बॅटरीला कायमची जोडलेली, लाल तार किल्ली फिरवली की जिवंत होणारी, काळी तार अर्थची, निळी तार एरियलसाठी किंवा अ‍ॅम्प्लिफायर जागे करण्यासाठी. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या तारांच्या चार जोड्या चार ध्वनिवर्धकांच्या. जोडीतील काळ्या पट्टीची तार ऋण. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर यंत्र वाजते, पण किल्ली काढताच घड्याळ आणि ठरवलेली केंद्रे विसरते. दोन्ही एकत्र बॅटरीला जोडल्या तर स्मृती टिकते, मात्र बंद करायचे राहिले की सकाळी बॅटरी उतरलेली. काही युरोपीय गाड्यांत या दोन तारांची जागा मुळातच उलटी असते, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून पाहणे हा या व्यवसायाचा पहिला धडा. पाठचिकित्सेतही हस्तलिखिताच्या प्रतिष्ठेवर न विसंबता प्रत्येक ओळ तपासावी लागते, धर्म तोच.

दोषनिदानाची रीत त्याहून सूक्ष्म. समजा, गाण्याबरोबर एक बारीक शिट्टी ऐकू येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा स्वर चढतो काय? चढत असेल तर तिचा उगम अल्टरनेटरमध्ये आहे, कारण त्याच्या प्रवाहातील लहरींची वारंवारता इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. स्वर न चढता केवळ टकटक जलद होत असेल तर संशय ठिणगीवर. वायपर चालू असतानाच आवाज येत असेल तर त्याच्या मोटरवर. मग एरियल काढून पाहायचे : आवाज थांबला तर तो हवेतून येत होता, राहिला तर तारांतून. अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी ध्वनीची तार काढल्यावर शांतता झाली तर बहुधा दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक आहे. गाडीचा संपूर्ण पत्रा म्हणजे एकच अर्थ, असे आपण समजतो. पण रंग, गंज आणि सांधे यांमुळे पुढच्या पत्र्यात आणि डिकीच्या पत्र्यात व्होल्टचा काही अंश फरक पडतो आणि तेवढा फरक शिट्टी निर्माण करायला पुरेसा असतो. उपाय साधा : रंग खरवडून उघड्या धातूवर, आखूड तारेने, शक्यतो एकाच ठिकाणी अर्थ घ्यावा. "अर्थ बरोबर लागला की सगळे आवाज जातात" असे एखाद्या फिटरने म्हटले, तर साहित्याच्या प्राध्यापकाने ते वाक्य वहीत उतरून ठेवायला हरकत नाही.

आणखी एक दोष असा की ज्यात काहीच बिघडलेले नसते. दोन्ही ध्वनिवर्धक वाजतात, तरी गाणे पोकळ वाटते, खर्ज नाहीसा झालेला. कारण एवढेच की एकाच्या तारा उलट लागल्या आहेत. एक पडदा पुढे येतो त्या क्षणी दुसरा मागे जातो आणि हवेतल्या हवेत दोघे एकमेकांना खोडून काढतात. दीड व्होल्टचा साधा सेल तारांना क्षणभर लावून पडदा पुढे येतो की मागे जातो हे पाहिले की उलगडा होतो. सुटे सुटे तपासले तर दोन्ही निर्दोष. दोष त्यांच्या परस्परसंबंधात. हे निदान करणाऱ्याला चिकित्सक म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

६

नकाशाचा धागा आपण जोन्सच्या तबकडीपाशी सोडला होता. १९८१ साली होंडाने 'इलेक्ट्रो जायरोकेटर' नावाचे यंत्र काढले. त्यात हेलियम वायूच्या झोतावर चालणारा दिशामापक होता आणि पडद्यासमोर पारदर्शक नकाशाचे पान सरकवून बसवावे लागे. पडद्यावरचा ठिपका पानावरच्या रस्त्यावरून सरके. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅन हनी यांच्या 'एटॅक' या कंपनीने याहून धाडसी यंत्र विकायला काढले. नकाशा संगणकीय रूपात कॅसेटवर साठवलेला; चाकांवर चुंबकीय पट्ट्या आणि त्यांजवळ संवेदक; मागच्या काचेपाशी होकायंत्र. चाके किती फिरली आणि गाडी कुठे वळली यावरून यंत्र स्थान अनुमानाने काढी आणि साठलेली चूक सुधारण्यासाठी ते स्थान नकाशातल्या जवळच्या रस्त्याशी जुळवून घेई. तबकडीला जे कळत नव्हते, कुठे चाललो हे, ते इथे प्रथम कळू लागले. उपग्रहाची मदत यात कुठेच नव्हती.

नावाची कथा अधिक रम्य आहे. 'एटॅक' ही प्रशांत महासागरातील कॅरोलाइन बेटांवरच्या नाविकांची संकल्पना. थॉमस ग्लॅडविन यांनी पुलुवाट बेटावरील नाविकांवर १९७० साली लिहिलेल्या ग्रंथामुळे ती बाहेरच्या जगाला परिचित झाली. हे नाविक होडी स्थिर आहे असे मानतात. बाजूचे एक संदर्भ-बेट क्षितिजावरच्या एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली मागे सरकत जाते आणि त्या सरकण्यावरून प्रवास किती झाला हे ओळखले जाते. यंत्राच्या पडद्यावरही गाडीची खूण जागच्या जागी राही आणि नकाशा तिच्याखालून सरके, वळे. मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातील दृष्टान्त आठवल्यावाचून राहणार नाही : नावेत बसलेल्याला काठावरची झाडे धावताना दिसतात. तिथे हा दृष्टान्त भ्रमाचा आहे. जे दिसते ते खरे नव्हे, हे सांगण्यासाठी आलेला. पुलुवाटच्या नाविकाने तोच भास ज्ञानाचे साधन म्हणून वापरला. आज मोबाइलवर रस्ता पाहणारा प्रत्येक जण या दोन दृष्टींच्या मध्ये कुठेतरी बसलेला असतो.

उपग्रहांचे दार उघडले ते एका शोकांतिकेने. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. २६९ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेने आपली जीपीएस व्यवस्था नागरी वापरासाठी खुली करण्याचे घोषित केले. तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई. स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत ढळे. जपानमध्ये १९९० पासून गाड्यांत जीपीएस बसू लागले तेव्हा हीच अडचण होती, म्हणून चाकाच्या वेगाची तार आणि रिव्हर्सची तार शोधून यंत्राला जोडणे हे फिटरचे काम तसेच राहिले. मे २००० च्या आरंभी ती मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली गेली आणि काचेला चिकटवायच्या छोट्या यंत्रांचा काळ आला. त्यांचेही दोष निराळे. धातूचा थर दिलेल्या काचेआड संकेत पोचत नाही; आणि लांबच्या प्रदेशात नेलेले नवे यंत्र कधी कधी बराच वेळ गोंधळलेले राहते, कारण उपग्रहांचा संपूर्ण पंचांगवजा संदेश उतरायला साडेबारा मिनिटे लागतात.

भारतात यंत्राआधी नकाशाचाच प्रश्न होता. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची, पण तपशीलवार नकाशे दीर्घकाळ सुरक्षेच्या नियमांत अडकलेले. २००५ चे राष्ट्रीय नकाशा धोरण आणि फेब्रुवारी २०२१ मधील अधिक उदार नियम यांनी वाट मोकळी होत गेली. शिवाय आपले पत्ते क्रमांकांत नसतात; ते 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळापासून डावीकडे' अशा वाक्यांत असतात. पुलुवाटच्या संदर्भ-बेटाच्या जवळ जाणारी ही भाषा यंत्राला शिकवणे सोपे नव्हते.

७

ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने मोबाइलवर वळणावळणाची दिशा मोफत देऊ केली आणि काचेवरची यंत्रे काही वर्षांत अडगळीत गेली. त्याहून मोठा बदल डॅशबोर्डच्या आत घडत होता. १९८६ साली बॉशने मांडलेल्या 'कॅन' या पद्धतीत गाडीतले वेगवेगळे भाग एकाच तारेच्या जोडीवरून एकमेकांशी संदेशांनी बोलतात. नव्या गाड्यांत संगीताचा पडदा हाच वातानुकूलनाचा, मागच्या कॅमेऱ्याचा आणि अनेक सूचनांचाही पडदा असतो. तो काढला तर गाडीच काही अंशी मुकी होते. रंगांची लिपी वाचणाऱ्याला या संदेशांची लिपी येत नाही, आणि ती शिकण्याची मुभा बहुधा उत्पादकाकडेच असते. १८० बाय ५० ची ती रिकामी चौकट अनेक गाड्यांतून नाहीशी झाली आहे.

इथे मॅसॅच्युसेट्स पुन्हा येते. ज्या राज्यात १९३० मध्ये गाडीतील रेडिओवर बंदीचा प्रस्ताव आला, तिथेच २०१२ साली गाडीच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांनाही मिळावी असा कायदा झाला, आणि २०२० मध्ये मतदारांनी तो गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीलाही लागू केला. भारतातही २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेर एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश आहे.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या सोयीचा नाही. एखाद्या संहितेत भर घालण्याची, तिच्यावर टीका लिहिण्याची, तिचे पाठ ताडून पाहण्याची मुभा जोवर असते तोवर ती संहिता समाजाची असते. गाडीच्या बाबतीत ही मुभा सुमारे ऐंशी वर्षे रस्त्याकडेच्या दुकानांतून वापरली गेली, आणि तिच्यातून एक ज्ञानपरंपरा उभी राहिली. हे ज्ञान मराठीत बोलले गेले. लिहिले मात्र फारसे गेले नाही. आपल्या कोशांत डाख, खरखर, खर्ज हे शब्द आहेत, पण पिवळ्या आणि लाल तारेची गोष्ट नाही. ज्यांनी ही परंपरा हातांनी चालवली त्यांच्यापैकी अनेक जण आज आपल्या गावांत, आपल्या कॉलेजांच्या समोरच्या रस्त्यावर काम करीत आहेत. मौखिक इतिहासाचा प्रकल्प द्यायचा असेल, तर विद्यार्थ्यांना फार दूर पाठवण्याची गरज नाही.